डीएपीच्या गोणीतला समुद्र

जूनमध्ये गावी गेलो, तेव्हा बाबांबरोबर डीएपीसाठी रांगेत उभा होतो. दुपारी कशाबशा दोन गोण्या मिळाल्या. येताना बाबा म्हणाले, "तू इंजिनिअर ना? मग सांग, हे बनतं कशापासून?" मला सांगता आलं नाही. आजचा भाग त्या प्रश्नावर.

गोणीवर १८:४६ लिहिलेलं असतं. त्यातला ४६ म्हणजे स्फुरद. तो येतो फॉस्फेटच्या खडकातून, आणि या खडकाचे बहुतेक मोठे साठे एकेकाळी उथळ समुद्राचा तळ होते. ते कसे तयार होतात, हे बघायला नामिबियाच्या किनाऱ्यावर जाऊ.

तिथे वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतो. त्याच्या जागी खालचं थंड, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. प्लवक भरभरून वाढतात, मरतात आणि तळाच्या चिखलात जाऊन बसतात. ते कुजताना ऑक्सिजन संपतो आणि स्फुरद सुटा होतो.

आता गंमत बघा. या चिखलात 'थायोमार्गारिटा' नावाचा जिवाणू राहतो. नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढा मोठा! तो स्फुरद पोटात साठवून ठेवतो आणि ऑक्सिजन नसला की बाहेर सोडतो. आमच्या भाषेत सांगायचं तर कॅशे भरतो आणि रिकामा करतो. मग चिखलातल्या पाण्यात स्फुरद इतका वाढतो, की समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि फ्लोराइड त्याला धरतं आणि अ‍ॅपेटाइटचे कण बनतात. आपले दातही याच जातीच्या खनिजाचे.

पण नुसत्या कणांनी साठा होत नाही. लाटा आणि प्रवाह हलका चिखल वाहून नेतात, जड कण मागे राहतात. आजी सुपात धान्य पाखडायची ना, अगदी तसंच. फक्त हे पाखडणं हजारो-लाखो वर्षं चालतं. मोरोक्कोतले प्रचंड साठे तर साधारण ७ ते ५ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत.

नामिबियात समुद्रतळावरून हे फॉस्फेट उपसायचा प्रस्ताव आहे. मच्छीमारांचा विरोध आहे, कारण ज्या पाण्यामुळे फॉस्फेट बनतं, त्याच पाण्यावर मासळी जगते. म्हणजे एकाचं खत आणि दुसऱ्याचं जाळं, दोन्ही एकाच ठिकाणी.

बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग यंदा माती परीक्षण करूनच टाकू. उगाच जास्त नको."

भेटू पुढच्या भागात.