संमतीचा एक तास
छत्तीसगडमध्ये, राजधानी रायपूरपासून फार दूर नसलेल्या बिलासपूरजवळ, 8 नोव्हेंबर 2014 रोजी एकाच शिबिरात 83 स्त्रियांची नसबंदी काही तासांत उरकण्यात आली आणि जिल्ह्यातील त्या दिवसांच्या शिबिरांनंतर 13 स्त्रिया दगावल्या. शस्त्रक्रियेच्याच दिवशी घरी पाठवल्या जाणाऱ्या अशा रुग्णांना बहुधा स्थानिक भूल, म्हणजे तेवढाच भाग बधिर करणारे इंजेक्शन, दिले जाते. ते लागू पडण्यास काही मिनिटे लागत असल्याने घाईची झळ वेदनेच्या रूपाने स्त्रीलाच सोसावी लागते. म्हणूनच संमती म्हणजे कागदावरचा अंगठा नव्हे, तर धोके, पर्याय आणि वेदनाशमनाचे उपाय समजून घेऊन दिलेला होकार होय. नसबंदी शिबिरांबाबतच्या देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली तीन वर्षांत शिबिरे बंद करण्याचे, तसेच स्त्रीला समजणाऱ्या भाषेत माहिती देऊन फेरविचारासाठी सुमारे तासाभराचा अवधी देण्याचे निर्देश दिले.