पुंगळीची लांबी

राणीसावरगावच्या आमच्या जुन्या घरात गोठ्याच्या भिंतीला एक कोनाडा होता. वेसणी, फुटक्या घुंगरांची माळ, गंजलेला विळा आणि त्यांच्या मागे काडतुसांच्या दोन रिकाम्या पुंगळ्या. एक बारीक आणि उंच, दुसरी जाड आणि बुटकी. आबा एवढंच सांगायचे, की त्या रझाकाराच्या काळातल्या आहेत. खालच्या ओठाला टेकवून फुंकलं की दोन्ही वाजायच्या, पण उंच पुंगळीचा आवाज खालचा आणि बुटकीचा वरचा. असं का, म्हणून विचारलं तर आबा म्हणाले, ‘लांबी बदलली की समदं बदलतं, लेका.’ ते शिट्टीबद्दल बोलत होते. पुंगळीची लांबी बदलली की आणखी काय काय बदलतं, हे पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं आणि त्या दोन पुंगळ्या पुन्हा आठवल्या.

गोळी सुटून जाते, दारू जळून जाते, टोपी पिचते. काडतुसातली पुंगळी तेवढी मागे उरते, म्हणून ती पुन्हा भरता येते. अमेरिकेत हा घरगुती छंद आहे. रिव्हॉल्व्हरची काडतुसं अशी भरणाऱ्यांना नेहमी अडवणारा प्रश्न एकच: गोळा केलेल्या पुंगळ्या एका लांबीच्या नसतात. रायफलची पुंगळी बारागणिक थोडी ताणली जाते. रिव्हॉल्व्हरची सरळसोट पुंगळी मात्र फारशी वाढत नाही, कधी तर किंचित आखडते. तिथला फरक बहुतेक वेळा वेगवेगळ्या कारखान्यांचा आणि वेगवेगळ्या खेपांचा माल एकत्र झाल्यामुळे पडतो.

फरक केसाएवढा असतो. त्यानं बिघडावं काय? रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला बुडाशी कड असते आणि त्या कडेवर ते चक्राच्या घरात अडकून बसतं. त्यामुळे पुंगळी थोडी आखूड असली तरी बार उडतो. बिघडतं ते तोंडाशी. गोळी धरून ठेवण्यासाठी पुंगळीचं तोंड किंचित आत वळवलेलं असतं. साचा एका मापावर बसवला आणि त्यात सगळ्याच पुंगळ्या दाबल्या, तर लांब पुंगळीचं तोंड जास्त वळतं आणि आखूड पुंगळीचं जेमतेम. जास्त वळलं तर शिसं चेपतं, कधी पुंगळीच फुगते आणि घरात शिरत नाही. कमी वळलं तर शेजारच्या बाराच्या धक्क्यानं गोळी पुढे सरकते, चक्राबाहेर नाक काढते आणि चक्र अडकतं. शिवाय गोळी किती घट्ट धरली आहे यावर दारू कशी पेटते तेही ठरतं. पकड बदलली की गोळीचा वेग बदलतो आणि नेम वरखाली होतो.

पुंगळीच्या लांबीला आणखी एक काम नेमून दिलेलं आहे, आणि मला ते सर्वांत शहाणपणाचं वाटतं. .38 स्पेशल या काडतुसाची पुंगळी 29.3 मिलिमीटर. 1930च्या दशकात त्याहून कितीतरी जास्त दाबाचं .357 मॅग्नम निघालं, तेव्हा त्याची पुंगळी मुद्दाम 32.8 मिलिमीटर ठेवली. जुन्या, नाजूक रिव्हॉल्व्हरच्या घरात ती पुरती शिरू नये, म्हणून. कुणाचा तरी हात वाचावा यासाठी साडेतीन मिलिमीटर पितळ वाढवलं. उलट बाजूनं, .38 स्पेशल मॅग्नमच्या घरात खुशाल चालतं, फक्त आखूड पुंगळीच्या पुढे काजळीचं एक कडं साचतं आणि नंतर लांब पुंगळी तिथे अडते.

आपल्याकडे हा प्रश्न घरात कधी आलाच नाही. तो कारखान्यात राहिला आणि त्याचं घर पुण्याजवळ खडकीला. 1857 साली काडतूस कागदाचं होतं. ते दातानं फोडण्यावरून काय पेटलं, ते सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर बारा वर्षांनी, 1869 मध्ये, खडकीचा दारूगोळा कारखाना उभा राहिला. तोवर इंग्रजी फौजेत कर्नल बॉक्सरच्या पद्धतीची पुंगळी आली होती. तीही अखंड नव्हती, पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून केलेली होती. ती तापली की घरात चिकटायची, ओढताना फाटायची. सुदानच्या वाळवंटात ऐन लढाईत बंदुका अडल्या आणि 1880च्या दशकात अखंड ओढीव पितळी पुंगळी फौजेत आली.

ओढीव म्हणजे काय, हे कळायला पुण्याच्या तांबट आळीत जाऊन उभं राहावं. तांबट भांडं ठोकतो, तसा धातू कडक होत जातो. मधूनमधून तो भट्टीत तापवून मऊ केला नाही, तर भांडं तडकतं. पुंगळीचंही तसंच. सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त अशा पितळेच्या पट्टीतून चकती कापतात, तिची वाटी करतात आणि ती वाटी ठशांतून पुन्हा पुन्हा ओढत लांब करतात. दोन ओढींच्या मध्ये तापवणं, तेजाबात धुणं. प्रत्येक ओढीत कड वेडीवाकडी वर येते, म्हणून शेवटी ती मापावर कापावी लागते. लांबीतला फरक याच कापणीत शिरू शकतो आणि गेज हातात घेतलेल्या माणसाला तो तिथेच पकडायचा असतो. खडकीनंतर अंबरनाथ आलं, मग 1964 मध्ये भुसावळजवळ वरणगाव. 2021च्या 1 ऑक्टोबरला जुनं आयुध निर्माणी मंडळ मोडून कंपन्या झाल्या आणि दारूगोळ्याच्या कंपनीचं मुख्यालय पुण्यात आलं. पाट्या बदलल्या. केसाएवढा फरक पकडणाऱ्या त्या कामगारांविषयी मराठीत फार थोडं लिहिलं गेलं, याची मला खंत आहे. पंचनाम्यांत आणि बातम्यांत ‘के.एफ. 7.65’ ही अक्षरं वरचेवर येतात. ती खडकीची खूण. चुकीच्या हातात पडलेलं काडतूसच तेवढं छापून येतं.

एकाच नावाच्या रिव्हॉल्व्हरची पुंगळी बदलल्याचं उदाहरणही इंग्रजी अमदानीतच आहे. वेब्लीच्या .455 काडतुसाची पहिली पुंगळी काळ्या दारूसाठी होती. पुढे काळ्या दारूच्या जागी कॉर्डाइट आलं. त्याला तेवढी जागा लागत नव्हती, आणि मोकळ्या जागेत ते नीट जळतही नव्हतं. म्हणून दुसऱ्या नमुन्यात पुंगळी सुमारे अडीच मिलिमीटर आखूड केली. पुढे 1930च्या दशकात .38च्या बुटक्या पुंगळीनं त्याची जागा घेतली आणि .38चं रिव्हॉल्व्हर आपल्या पोलिसांच्या कमरेला कित्येक वर्षं राहिलं. परवानाधारकांसाठी कानपूरला बनणारं .32 रिव्हॉल्व्हर त्याच वेब्ली घराण्यातलं. त्याची पुंगळी साडेतेवीस मिलिमीटरच्या आतबाहेर. 2014 मध्ये निघालेलं ‘निर्भीक’ हे रिव्हॉल्व्हरही याच काडतुसाचं. नेमबाजीतला 25 मीटर सेंटर फायर पिस्तूल हा प्रकारही बरेच जण .32 वरच खेळतात. 1990च्या ऑकलंड राष्ट्रकुल स्पर्धेत मुंबईच्या अशोक पंडित यांनी त्यातच सुवर्ण मिळवलं.

पुंगळीला लांबीपेक्षा मोठा एक शत्रू आहे, आणि तो हिंदुस्थानातच सापडला. पावसाळ्यात इथल्या फौजेच्या साठ्यातली पुंगळ्यांची तोंडं आपोआप उभी चिरायची. बार उडालेला नाही, कुणी हात लावलेला नाही, तरी चीर. हंगामी भेग म्हणून तिचं नावच पडलं. 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी कारण उलगडून दाखवलं. पावसाळ्यात काडतुसं तबेल्यांत ठेवली जायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया दमट हवेत पितळेवर बसायचा आणि ओढून ताणलेलं पितळ त्याच ताणानं फाटायचं. उपाय तांबटाचाच होता: शेवटी एकदा तापवून ताण काढून टाकायचा.

हे वाचलं तेव्हा मी हातातलं पुस्तक मिटून ठेवलं. आबांच्या जाड पुंगळीला तोंडापासून खाली एक बारीक चीर होती आणि तिची शिट्टी त्यामुळे फसफसायची. ती माझ्या हातून पडल्यामुळे चिरली असं मी समजत होतो आणि ते लपवण्यासाठी चिरेची बाजू भिंतीकडे करून ठेवत होतो. कोनाडा गोठ्यात होता. खाली चार जनावरं बांधलेली, जमीन बारमाही ओली. दर दिवाळीला आई देवाच्या भांड्यांबरोबर त्या दोन्ही चिंचेनं घासून लख्ख करायची आणि पुन्हा तिथेच ठेवायची.

आबा गेल्यावर वडिलांना कुणीतरी सांगितलं, की अशा वस्तू घरात ठेवू नयेत. ते खरंच होतं. 1959च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात आणि तो बनवण्याची यंत्रंही. परदेशातला घरगुती छंद इथे परवान्याशिवाय गुन्हा ठरतो, आणि गावोगाव चोरून चालणाऱ्या कट्ट्यांच्या धंद्याकडे पाहता मला ते योग्य वाटतं. वडील दोन्ही पुंगळ्या रुमालात बांधून ठाण्यात घेऊन गेले, मीही सोबत होतो. जमादारांनी त्या पालथ्या करून बुडं पाहिली, जाड पुंगळीवरची के आणि एफ ही अक्षरं वाचली आणि कागदावर लिहिलं: रिकाम्या पुंगळ्या, पितळी, नग दोन. पुढे थोडं थांबून त्यांनी जोडलं: पैकी एक चिरलेली.