एकविसावं कार्ड

शनिवारी सकाळी पुण्यातल्या गोल्फ कोर्सवर ९९ फटके मारून परतलो. त्यातले दहा एकाच पार-चारच्या होलवर, बहुतेक बंकरमधल्या वाळूला. कार्डावर मार्कर म्हणून सही करताना काका म्हणाले, "हँडिकॅपसाठी ह्या दहाचे सात धर."

मला वाटलं, दया आली. पण हा नियमच, नेट डबल बोगी. पार ४, वर २, आणि हँडिकॅपमुळे त्या होलवर मला मिळणारा सवलतीचा १ फटका. एका खड्ड्यात घालवलेल्या इभ्रतीपायी अख्खी फेरी नासू नये, एवढाच हेतू. स्पर्धेच्या निकालात दहाचे दहाच राहतात.

९९चे ९६ झाले. ॲप हे सगळं क्षणात करतं, तरी काकांनी पेन्सिल काढली. आमचं कोर्स रेटिंग ७१.२, म्हणजे शून्य हँडिकॅपवाला साधारण तेवढ्यात फेरी संपवेल. स्लोप १२८. हाच कोर्स माझ्यासारख्याला त्याच्यापेक्षा किती जास्त छळतो, त्याचं हे माप. ११३ म्हणजे मध्यम. ९६ वजा ७१.२, गुणिले ११३, भागिले १२८. आजच्या फेरीचा आकडा आला २१.९. २०२०पूर्वी जगात अशा सहा निरनिराळ्या पद्धती होत्या, आता एकच.

खरी गंमत पुढे. शेवटच्या वीस फेऱ्या घ्यायच्या आणि त्यांतल्या फक्त सर्वोत्तम आठांच्या अशा आकड्यांची सरासरी काढायची; तोच हँडिकॅप इंडेक्स. उरलेल्या बारांना कोणी विचारत नाही. त्यामुळे "माझा हँडिकॅप वीस" म्हणणारा आपल्या चांगल्या दिवसांबद्दल बोलत असतो. एरवी तो त्याहून वाईटच खेळतो. बक्षिसासाठी मुद्दाम हँडिकॅप फुगवणारे असतातच, पण वर्षभरातल्या नीचांकापेक्षा तो ५ हून जास्त चढू दिला जात नाही.

माझा इंडेक्स होता २०.४. आजचं कार्ड एकविसावं, त्यामुळे सर्वांत जुनं गळालं. नेमकी ती माझी पावसाळ्याआधीची १७.९ची फेरी. तिच्या जागी आठांत आजची २१.९ बसली, आणि इंडेक्स २०.९वर गेला. या कोर्सवर सवलतीचे २२ऐवजी २३ फटके.

"म्हणजे अवघडपणात पाच नंबरच्या होलवर आता दोन मिळणार," काका म्हणाले. कॅडीनं माझी वेज पुसून बॅगेत ठेवली. "साहेब, तिथं पण बंकर आहे."