लोखंडाची मळी आणि सिमेंट

मित्रांनो, गुऱ्हाळात काहिलीतला रस उकळला की वर मळी येते. लोखंडाच्या भट्टीतही तसेच होते. दगडातले लोखंड वितळून खाली बसते आणि वर मळी तरंगते. तिला स्लॅग म्हणतात. रायगड जिल्ह्यात डोलवीला लोखंडाचा मोठा कारखाना आहे. तिथल्या स्लॅगपासून सिमेंट करतात.

तापलेल्या स्लॅगवर एकदम पुष्कळ पाणी मारले की तिची काचेसारखी रेती होते. मग ती पिठासारखी बारीक दळतात. पण नुसत्या पाण्यात ती लवकर घट्ट होत नाही, जणू झोपलेली असते. तिला जागे करायला चुना किंवा कॉस्टिक सोडा लागतो. साध्या सिमेंटमध्ये पाणी घातले की चुना सुटतो, म्हणून स्लॅग त्यात मिसळतात. कॉस्टिक सोड्याने कातडी भाजते. त्याला आपण मुलांनी हात लावायचा नाही.

साधे सिमेंट करायला चुनखडी सुमारे १४५० अंशांवर भाजतात. त्यात कोळसा जळतो, धूर होतो. स्लॅग आधीच भट्टीतून आलेली असते, म्हणून तेवढे जळण वाचते.

माझे मामा गवंडी आहेत. ते म्हणतात, "हे सिमेंट सावकाश धरतं. घाई केली की काम कच्चं." साध्या सिमेंटच्या स्लॅबला निदान ७ दिवस ओले ठेवतात, याला निदान १० दिवस लागतात. आपल्या राहात्याकडे उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते. तेव्हा स्लॅबवर गोणपाट टाकून भिजवावे, म्हणजे पाणी कमी लागते.

पालकांनो, घर बांधताना गोणीवर 'स्लॅग सिमेंट' लिहिले आहे का ते वाचा आणि दिवस मोजूनच पाणी बंद करा.

इयत्ता ४ थी