एकाच जातीवर टेकलेली कुले : काही अल्पपरिचित सस्तन प्राण्यांचा परिचय

प्रस्तावना

वन्यप्राणी म्हटले की वाघ, सिंह, हत्ती, गेंडा अशी ठरावीक नावे डोळ्यांसमोर येतात. शासकीय योजना, वृत्तपत्रांतील लेखन आणि पाठ्यपुस्तकांतील उदाहरणे प्रामुख्याने याच प्राण्यांभोवती फिरतात. वस्तुतः सस्तन प्राण्यांच्या आज मान्य असलेल्या जातींची संख्या साडेसहा हजारांच्या वर आहे आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक जाती कृंतक, म्हणजे कुरतडणारे प्राणी, आणि वटवाघळे या दोनच गणांतील आहेत. ज्यांची चर्चा होते ते प्राणी या पटावर अगदीच अल्पसंख्य ठरतात.

येथे परिभाषेबाबत एक खुलासा आवश्यक आहे. वर्तमानपत्री मराठीत 'प्रजाती' हा शब्द सरसकट वापरला जातो. प्रस्तुत लेखात मराठी विश्वकोशातील संकेतानुसार 'जाती' हा वर्गीकरणातील मूळ घटक, अनेक निकटच्या जातींची मिळून 'प्रजाती' आणि अनेक निकटच्या प्रजातींचे मिळून 'कुल' असा अर्थ अभिप्रेत आहे. सर्वच कुले सारख्या विस्ताराची नसतात. घरातील उंदीर ज्या कुलात मोडतो त्यात आठशेहून अधिक जाती आहेत, मांजर कुलात सुमारे चाळीस आहेत; तर काही कुलांत आज केवळ एकच जाती शिल्लक आहे. अशा एकाकी कुलांचा विचार वेगळ्या निकषावर करावा लागतो, हा या लेखाचा प्रतिपाद्य विषय होय.

जाती मोजाव्यात की इतिहास?

जैवविविधतेचे सर्वांत सोपे माप म्हणजे जातींची संख्या. या मापात सर्व जातींचे मूल्य एकसमान धरले जाते. ऑस्ट्रेलियातील संशोधक डॅनियल फेथ यांनी १९९२ मध्ये यास पूरक असे दुसरे माप सुचविले. वंशवृक्षाच्या ज्या फांद्यांनी काही जाती परस्परांशी जोडलेल्या असतात, त्या फांद्यांच्या एकूण लांबीवरून त्या समूहाची विविधता मोजावी, असे हे माप आहे. उंदीर कुलातील एक जाती नष्ट झाल्यास वृक्षाची एक कोवळी डहाळी तुटते. तिच्या पूर्वजांचा बहुतांश वारसा शेजारच्या अनेक जातींत शिल्लक राहतो. परंतु दोन कोटी वर्षांपूर्वी इतरांपासून वेगळ्या झालेल्या फांदीवर एकच जाती उरली असेल, तर तिच्या नाशाबरोबर ती संपूर्ण फांदीच जाते. शरीररचना, शरीरक्रिया आणि वर्तन यांतील जे काही त्या दीर्घ काळात घडले, त्याची दुसरी प्रत कोठेही नसते. यावरून उंदराची जाती गेली तरी चालेल असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. मात्र मनुष्यबळ आणि निधी मर्यादित असताना क्रम लावावाच लागतो, आणि तो केवळ लोकप्रियतेवर लावणे निश्चितच समर्थनीय नाही.

बाजारात सापडलेले कुल

लाओस देशाच्या खम्मुआन प्रांतात चुनखडीच्या उघड्या, धारदार डोंगरांची मोठी रांग आहे. तेथील थाखेक या गावाच्या बाजारात १९९६ मध्ये रॉबर्ट टिमिन्स या अभ्यासकास खाण्यासाठी विक्रीस ठेवलेला एक अनोळखी प्राणी आढळला. स्थानिक लोक त्यास 'खा-न्यू' म्हणत व तो त्यांच्या चांगल्या परिचयाचा होता. घुशीसारखा देह, लांब मिशा आणि खारीप्रमाणे केसाळ शेपूट अशा या सुमारे चारशे ग्रॅम वजनाच्या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यास 'लाओनॅस्टिस एनिग्मॅमस' हे नाव देण्यात आले आणि ज्ञात कुलांपैकी कोणत्याही कुलात तो बसत नसल्याने त्याच्यासाठी नवे कुल कल्पिण्यात आले.

खरी कलाटणी पुढील वर्षी मिळाली. मेरी डॉसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या कवटीची व दातांची जीवाश्मांशी तुलना करून असे दाखवून दिले की, हे कुल नवे नसून अतिप्राचीन आहे. आशियात पाकिस्तानपासून जपानपर्यंत ज्याचे जीवाश्म सापडतात, त्या 'डायटोमायिडी' कुलाचाच हा जिवंत प्रतिनिधी होता. हे कुल सुमारे १ कोटी १० लाख वर्षांपूर्वी नष्ट झाले असे तोवर गृहीत धरले गेले होते. त्याच वर्षी, म्हणजे २००६ मध्ये, जिवंत खा-न्यूचे प्रथमच चित्रीकरण झाले. त्यात तो खडकावर बदकासारखा डुलत चालताना दिसतो. पुढे शेजारच्या व्हिएतनाममध्येही त्याचे अस्तित्व नोंदले गेले. जनुकीय पुराव्यानुसार त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक आफ्रिकेतील 'गुंडी' नावाचे कृंतक असून त्यांच्यापासूनही तो चार कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळा झाला आहे. 'शोध' हा शब्द अशा प्रसंगी जपूनच वापरावा लागतो. जो प्राणी बाजारात विकला जात होता, तो विज्ञानास नवा होता, लोकांस नव्हे.

मांजर नसलेली मांजरे

मराठीत उदमांजर, पाणमांजर, खवलेमांजर ही नावे रूढ आहेत. परंतु यांपैकी एकही प्राणी मांजर कुलातील नाही. लोकभाषा बाह्य साम्यावरून नावे देते व तो तिचा दोष म्हणता येत नाही. वर्गीकरणशास्त्रही दीर्घकाळ अशाच साम्याने फसले, याचे उत्तम उदाहरण म्हणजे लिनसँग. एक किलोहूनही कमी वजनाचा, सडपातळ, लांब शेपटीचा आणि निशाचर असा हा वृक्षवासी प्राणी आहे. त्याच्या दोनच जाती असून पट्टेरी लिनसँग मलाया, सुमात्रा, जावा व बोर्निओ येथे, तर ठिपकेदार लिनसँग नेपाळ व ईशान्य भारतापासून व्हिएतनामपर्यंत आढळतो. या दोन्ही जाती उदमांजरांच्या कुलात गणल्या जात. त्यांच्यासारख्याच दिसणाऱ्या आफ्रिकी लिनसँगशीही त्यांचे नाते जोडले जाई. फिलिप गोबेर व जेराल्दिन व्हेरॉं यांनी २००३ मध्ये जनुकीय पुराव्याच्या आधारे आशियाई लिनसँग हे मांजर कुलाचे सर्वांत निकटचे आप्त असल्याचे सिद्ध केले आणि त्यांना स्वतंत्र कुल प्राप्त झाले. आफ्रिकी लिनसँग मात्र उदमांजरांच्याच कुलात राहिले. वाघ-सिंहांचे भाऊबंद शोधावयाचे तर ते तरसांत किंवा मुंगसांत नव्हे, तर या ओंजळभर प्राण्यात शोधावे लागतात. ठिपकेदार लिनसँग वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीत आहे, ही बाब फारशी ज्ञात नाही.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या दमट जंगलात बिळे करून राहणारा 'माउंटन बीव्हर' हाही आपल्या कुलाचा एकमेव प्रतिनिधी आहे. तो खरा बीव्हर नव्हे आणि पर्वतावरच राहतो असेही नाही. त्याचे मूत्रपिंड मूत्र पुरेसे संहत करू शकत नाही. परिणामी त्यास रोज भरपूर पाणी लागते व कोरड्या प्रदेशात पसरता येत नाही. जगातील सर्वांत मोठी मानली जाणारी पिसू त्याच्याच अंगावर व बिळात जगते. आश्रयदाता गेला तर तीही जाईल. क्यूबा व हिस्पॅनिओला या कॅरिबियन बेटांवरील सोलेनोडॉनच्या कुलात दोन जाती उरल्या आहेत. खालच्या जबड्यातील खाचेदार दातातून विषारी लाळ सोडणारा हा कीटकभक्षी प्राणी आपल्या आप्तांपासून सुमारे सात कोटी वर्षांपूर्वी वेगळा झाला असावा, असे जनुकीय अभ्यासातून दिसून आले आहे.

यांगत्झेतील बायजी

एकाकी कुल नष्ट होते म्हणजे काय घडते, हे चीनमधील यांगत्झे नदीत प्रत्यक्ष पाहावयास मिळाले. 'बायजी' हा गोड्या पाण्यातील डॉल्फिन 'लिपोटिडी' कुलाचा एकमेव जिवंत सदस्य होता. त्याची शाखा इतर डॉल्फिनांपासून दोन कोटींहून अधिक वर्षांपूर्वी अलग झाली होती. १९७९ ते १९८१ या काळात त्याची संख्या सुमारे ४०० असल्याचा अंदाज होता. १९९७ च्या पाहणीत अवघे १३ प्राणी दिसले.

त्याच्या ऱ्हासास शिकार हे मुख्य कारण नव्हते. चीनमध्ये त्यास कायद्याचे सर्वोच्च संरक्षण होते. परंतु इतर माशांसाठी लावलेल्या गळांच्या माळा, जाळी आणि पाण्यात विजेचा प्रवाह सोडून केलेली मासेमारी यांत तो अकारण सापडत गेला. वाढती जलवाहतूक, प्रदूषण व धरणे यांची त्यात भर पडली. यास उपाय सुचविले गेले नाहीत असेही नाही. १९८६ मध्ये वुहान येथे नदीतील डॉल्फिनांवर आंतरराष्ट्रीय कार्यशाळा झाली. उरलेले प्राणी पकडून नदीपासून तुटलेल्या एखाद्या सुरक्षित सरोवरात त्यांचे प्रजनन करावे, ही कल्पना दीर्घकाळ चर्चेत होती. १९९२ मध्ये त्यासाठी तिआन-ए-झोऊ या सरोवराचे राखीव क्षेत्र झाले. १९९५ मध्ये तेथे एक मादी सोडण्यात आली. ती १९९६ मध्ये मरण पावली. गळांनी जखमी झालेला 'चीची' नावाचा नर १९८० पासून वुहानच्या जलजीवशास्त्र संस्थेत होता. त्याचे बहुतेक आयुष्य एकट्याने गेले व २००२ मध्ये तो मरण पावला. चर्चा आणि कृती यांतील हे अंतर बायजीस फार महाग पडले, असेच म्हणावे लागते.

नोव्हेंबर-डिसेंबर २००६ मध्ये संशोधकांनी दुर्बिणी व जलध्वनिग्राहक घेऊन सहा आठवडे मुख्य प्रवाहातील त्याचे संपूर्ण पूर्वापार क्षेत्र पिंजून काढले. एकही बायजी दिसला नाही व ऐकूही आला नाही. सॅम्युअल टर्व्ही व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध करताना नमूद केले की, इ. स. १५०० नंतर सस्तन प्राण्यांचे एखादे संपूर्ण कुल नाहीसे होण्याची ही केवळ चौथी घटना होय. टास्मानियातील थायलासिन हा अशाच एका कुलाचा अखेरचा सदस्य १९३६ मध्ये होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मरण पावला होता. योगायोग असा की, लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीने वंशवेगळेपण आणि धोका यांची सांगड घालणारा 'एज' उपक्रम २००७ मध्येच सुरू केला, आणि त्याच्या पहिल्या यादीच्या अग्रभागी बायजीचे नाव होते.

यांगत्झेत १ जानेवारी २०२१ पासून दहा वर्षांची मासेमारी बंदी लागू झाली. त्याच नदीतील, पाठीवर पर नसलेल्या पॉरपॉइजची संख्या २०१७ मधील १,०१२ वरून २०२२ मध्ये १,२४९ झाली. जी उपाययोजना बायजीसाठी झाली नाही, तिचा लाभ दुसऱ्या प्राण्यास मिळाला.

गंगा आणि बियास

भारतीय वाचकास ही कथा परकी वाटू नये. गंगेतील डॉल्फिन, ज्यास उत्तर भारतात 'सोंस' म्हणतात, तोही अशाच एका क्षीण कुलातील असून २००९ मध्ये त्यास राष्ट्रीय जलचर घोषित करण्यात आले. गढूळ पाण्यात राहणाऱ्या या प्राण्याच्या डोळ्यांत भिंगच नसते. तो ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून मार्ग व भक्ष्य शोधतो. गंगा व सिंधू या नद्यांतील डॉल्फिन पूर्वी एकाच जातीचे मानले जात. २०२१ मध्ये कवटीची रचना व जनुकीय भेद यांवरून त्यांच्या दोन स्वतंत्र जाती करण्यात आल्या आणि 'प्लॅटॅनिस्टिडी' या कुलात एकाऐवजी दोन जाती झाल्या. कागदावर कुल दुप्पट झाले, नदीत मात्र एकाही प्राण्याची भर पडली नाही. उलट, आजवर एकत्र मोजले जाणारे प्राणी आता वेगवेगळे मोजावे लागतात. सिंधू डॉल्फिनांपैकी बहुसंख्य पाकिस्तानात आहेत. भारतात झालेल्या पहिल्या व्यापक गणनेचा अहवाल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नदी-डॉल्फिनांची एकूण संख्या ६,३२७ दिली आहे. त्यांपैकी ६,३२४ गंगा डॉल्फिन आहेत. पंजाबातील बियास नदीत राहणारे सिंधू डॉल्फिन तीन.