अंथरूण ओलं, गोळी बंद

गोळ्या मनाच्या, परिणाम शरीराचे : लेखांक सातवा

सायकोसिसवरच्या गोळ्यांनी वजन आणि साखर का वाढते, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. वजन सगळ्यांना दिसतं, म्हणून त्याबद्दल बोललं तरी जातं. आजचा परिणाम चार भिंतींच्या आत राहतो. चांगला पंचविशीतला, हिंडता-फिरता माणूस रात्री अंथरुणात लघवी करू लागतो. घरात बोलायची चोरी, बाहेर तर विषयच नको.

साक्री तालुक्यातल्या एखाद्या घरात हे कसं घडतं ते पाहा. मुलाला भास व्हायचे, संशय यायचा. धुळ्याच्या सरकारी रुग्णालयातून गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत तो शांत झाला, शेतावर जाऊ लागला. मग एके दिवशी पहाटे गोधडी ओली. आई ती कुणी उठायच्या आत धुऊन परसात वाळत घालते. वडील म्हणतात, ‘घोड्यासारखा वाढला, एवढं कळत नाही?’ कुणी म्हणतं बाहेरचं लागलंय, कुणी म्हणतं आजार वाढला. पुढच्या तारखेला पन्नासेक किलोमीटर एस.टी.ने जाऊन डॉक्टरांसमोर बसल्यावर प्रश्न येतो, ‘झोप कशी आहे? जेवतो का?’ दोन्हींचं उत्तर ‘बरं आहे’. ओल्या गोधडीचं कुणी विचारत नाही आणि आपणहून कुणी सांगत नाही. घरी आल्यावर उपाय घरातच सापडतो: ‘गोया बंद करी टाक्यात, मंग थांबनं.’ आणि खरंच थांबतं. काही आठवड्यांनी भास परत येतात, तेव्हा मात्र त्या बंद केलेल्या गोळ्यांची आठवण कुणाला राहत नाही.

हा परिणाम विरळा नाही. न्यूझीलंडमधली एक पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत सायकोसिसवरचं क्लोझापिन हे औषध घेणाऱ्या शंभरातल्या सुमारे वीस जणांना हा त्रास आढळला, ओलान्झापिन घेणाऱ्यांत जवळपास दहा, तर रिस्पेरिडोन घेणाऱ्यांत सहा जणांना. म्हणजे क्लोझापिनवरच्या दर पाच जणांमागे एक.

असं होतं तरी का? पांझरा-कान खोऱ्यातल्या वाचकांना फडाची पद्धत ठाऊक आहे. पाटात पाणी असलं तरी दार लावलेलं असतं आणि बारेकऱ्याने उघडल्याशिवाय ते शेतात जात नाही. मूत्राशयाचंही तसंच आहे. त्याच्या तोंडाशी असलेला स्नायू आवळलेला राहतो, तो अल्फा-१ नावाच्या ग्राहींवर मिळणाऱ्या संदेशांमुळे. क्लोझापिन, रिस्पेरिडोन यांसारखी औषधं हे ग्राही अडवतात, त्यामुळे दार सैल पडतं. दुसरं म्हणजे, मूत्राशयाला ‘आता नको’ असं सांगण्यात मेंदूतल्या डोपामिनचा वाटा असतो आणि या गोळ्या काम करतात त्या डोपामिन अडवूनच. तिसरं, गोळीची झोप गाढ असते. मूत्राशय भरल्याचा निरोप येतो, पण बारेकरी उठतच नाही. यात रुग्णाचा आळस नाही आणि आजार वाढल्याची खूणही नाही.

कधी उलटही घडतं. हात थरथरू नयेत म्हणून आपल्याकडे या गोळ्यांच्या जोडीला ट्रायहेक्सिफेनिडिल सर्रास दिलं जातं. त्याने लघवी अडू शकते. मग मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही आणि तुडुंब भरलं की आपोआप गळतं. दिवसा लघवीला जोर करावा लागत असेल, धार बारीक होत असेल, तर हे डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण या दोन प्रकारांचे उपाय वेगळे आहेत.

गोळीवर ठपका ठेवण्याआधी चार गोष्टी तपासून घ्याव्यात. एक, रक्तातली साखर. क्लोझापिन आणि ओलान्झापिनने ती वाढते आणि वाढली की लघवीही वाढते. दोन, लघवीतला जंतुसंसर्ग. तीन, बद्धकोष्ठ, भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं आणि क्लोझापिनवर असताना बद्धकोष्ठ तसंही धोक्याचं. चार, झोपेत येणारी फिट. सकाळी जीभ चावलेली असेल, अंग ठणकत असेल, माणूस बराच वेळ भांबावलेला असेल, तर हे निव्वळ अंथरूण ओलं होणं नव्हे. क्लोझापिनचा डोस वाढला की फिट येण्याचा धोका वाढतो.

घरी करण्यासारखं बरंच आहे. संध्याकाळनंतर चहा बंद, पाणी बेताचं. मात्र दिवसभराचं पाणी तोडू नये. खानदेशातल्या उन्हाळ्यात तर नाहीच, आणि लिथियमची गोळी चालू असेल तर अजिबात नाही, कारण पाणी कमी पडलं की लिथियम रक्तात साचतं. झोपण्याआधी लघवीला जावं. झोपल्यावर तीनेक तासांनी घरातल्या कुणी एकदा उठवावं. उठवल्यावर आधी खाटेवर बसू द्यावं, मग उभं करावं. ज्या अडथळ्याने मूत्राशयाचं दार सैल होतं, त्यानेच उभं राहताना रक्तदाबही उतरतो आणि माणूस पडतो. संडास अंगणापलीकडे असेल तर तिकडच्या वाटेवर दिवा हवा. नाहीतर सरळ खाटेजवळ भांडं ठेवावं. गादीखाली रबरी कापड घालावं आणि यातलं काहीही चारचौघांत बोलू नये.

एवढ्याने भागलं नाही, तर डॉक्टरांकडे पुष्कळ वाटा आहेत. रात्रीचा डोस लवकर देता येतो, विभागता येतो, कमी करता येतो, औषध बदलता येतं. काहींना अरिपिप्राझोल जोडून फरक पडतो. काहींना रात्रीची लघवी कमी करणारं डेस्मोप्रेसिन देतात. ते घेताना रक्तातलं सोडियम तपासत राहावं लागतं. यातलं काहीही दुकानातून परस्पर आणायचं नाही.

सगळ्यात धोक्याची सवय वेगळीच आहे. लग्नाला जायचंय, पाहुण्यांच्या घरी झोपायचंय, किंवा ऊसतोडीला जाऊन कोपीत सगळ्यांच्या शेजारी पथारी टाकायचीय. म्हणून चार दिवस गोळ्या बंद, परत आल्यावर पुन्हा पहिल्यासारख्या सुरू. क्लोझापिनच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकतं. ते एकदम बंद केलं की आजार उसळतो. आणि ४८ तासांपेक्षा जास्त खंड पडला असेल, तर जुना डोस तसाच घ्यायचा नसतो, १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा हळूहळू चढावं लागतं, नाहीतर रक्तदाब कोसळू शकतो. लग्नाची तारीख ठरली की डॉक्टरांना आधी सांगा. त्या चार रात्रींची सोय गोळ्या न तोडताही लावता येते.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम २२ सांगतं की उपचारांचे ज्ञात दुष्परिणाम समजून घेण्याचा रुग्णाला हक्क आहे. म्हणजे आधी सांगण्याची जबाबदारी डॉक्टरांची. पण ओपीडीच्या गर्दीत ते राहून जातं, तेव्हा विचारण्याची पाळी आपली. चारचौघांत तोंडातून शब्द निघत नसेल, तर केसपेपरच्या मागे लिहून द्या: ‘रात्री अंथरुणात लघवी होते, आठवड्यातून इतक्या वेळा, अमुक गोळी सुरू झाल्यापासून.’ डॉक्टरांना डोसाचा निर्णय घ्यायला सुरुवातीला एवढंही पुरतं. दवाखाना लांब असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येतं.

पुढच्या आठवड्यात : तोंडाला सुटणारी लाळ आणि ओली होणारी उशी.