ठिणगीच्या पूर्वीचा वृत्तान्त

दिनांक १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट झाला, आणि पाठोपाठ अर्ध्या तासाच्या आत झालेल्या दुसऱ्या स्फोटाने गोदी व तिच्या लगतचा मुलूख उद्ध्वस्त करून टाकला. शेकडो माणसे दगावली. आग विझवण्यासाठी धावून गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यांत होते, आणि त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस आजही देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. एवढ्या संहारानंतर लोकांच्या तोंडी प्रथम येणारा प्रश्न स्वाभाविकपणे एकच असतो : ठिणगी कोणी टाकली? कोणाची विडी, कोणाची सिगारेट, की कोणा शत्रूचा हात? परंतु त्या दुर्घटनेच्या अधिकृत चौकशीचे खरे मोल मला वाटते ते असे की, ती ठिणगीपाशी थांबली नाही. सुमारे १४०० टन स्फोटक द्रव्ये वाहणाऱ्या त्याच जहाजात कापसाच्या गाठीही भरल्या होत्या, आणि त्या दारूगोळ्याच्या खाली रचल्या होत्या. धोक्याच्या मालाची खूण म्हणून जो लाल बावटा लावावयाचा तो लावलेला नव्हता. स्फोटके उतरवून घेण्यास दिरंगाई झाली होती. आग कोंडण्यासाठी वाफेचा उपयोग केला गेला नाही. आणि बंबवाल्यांना वर्दी उशिरा पोहोचली. हे दोष चौकशीने नावानिशी नोंदवले. ठिणगी टाकणारा इसम सापडून त्याला जबर शिक्षा झाली असती, तरी दुसऱ्या एखाद्या जहाजात कापूस आणि दारूगोळा याच रीतीने एकावर एक रचला जाण्यास त्या शिक्षेने कोणताही प्रतिबंध झाला नसता.

या कसोटीला आपल्या कारखान्यांतील अपघातांच्या चौकश्या लावून पाहिल्या, तर मन विषण्ण होते. पॉवर प्रेसवर पत्रा दाबताना कामगाराची बोटे तुटतात. रुग्णालयाची धावपळ आटोपते. आणि मग ज्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली तो प्रेस चालत होता तोच पर्यवेक्षक, पाळी संपण्याच्या आत, अपघाताचा कागद भरावयास बसतो. ‘कारण’ या रकान्यात शेरा पडतो : कामगाराचा निष्काळजीपणा. ‘उपाय’ या रकान्यात पडतो : कामगारास सक्त ताकीद देण्यात आली. कागद दप्तरी दाखल होतो आणि त्याच प्रेसवर दुसरा मुलगा उभा राहतो. डायसमोरचे गार्ड कधीपासून काढलेले होते, कोणाच्या सांगण्यावरून काढले होते, ते लावून ठेवले असता पाळीचे ठरलेले नग निघू शकतात काय, दोन्ही हात गुंतून राहावेत म्हणून बसवलेल्या दोन बटणांपैकी एक चिकटपट्टीने कायमचे दाबून ठेवले होते काय, तो कंत्राटी मुलगा कामावर लागून किती दिवस झाले होते, त्याला मशीन दाखवले कोणी, आणि बोटे गेली ती सलग दुसऱ्या पाळीच्या कितव्या तासाला, हे प्रश्न त्या कागदावर येतच नाहीत. ते यावेत तरी कसे? त्यांची उत्तरे पुष्कळदा कागद भरणाऱ्यापाशी, आणि त्याहूनही वर, जाऊन पोहोचतात.

‘कामगाराचा निष्काळजीपणा’ या शेऱ्याला एक जुना शास्त्रीय आधारही लाभलेला आहे. अमेरिकेत एका विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिख यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुमारे ७५,००० अपघातांचा अभ्यास करून असा निष्कर्ष मांडला की, शेकडा ८८ अपघात माणसांच्या असुरक्षित वर्तनाने घडतात. हा आकडा पुढे जगभरच्या प्रशिक्षणवर्गांतून वेदवाक्याप्रमाणे सांगितला गेला. परंतु हाइनरिख यांची सामग्री म्हणजे विम्याची दप्तरे व कारखानदारांच्या नोंदी. ज्या नोंदी करणाऱ्यांना दोष माणसात शोधण्याची सवय होती, त्यांच्या नोंदींची बेरीज केल्यावर दोष माणसातच सापडला, यात नवल ते काय?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हवाई दलाला ‘बी-१७’ विमानांच्या बाबतीत असाच पेच पडला होता. विमान सुखरूप उतरवल्यानंतर धावपट्टीवर वैमानिक पंखांच्या झडपा मिटण्याऐवजी चाकेच आत ओढून घेत आणि विमान पोटावर आपटे. अहवालांत वैमानिकाची चूक म्हणून नोंद होई. मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चपानिस यांनी १९४३ च्या सुमारास विमानाच्या कक्षात बसून पाहिले, तेव्हा झडपांच्या व चाकांच्या खटक्या एकसारख्या व शेजारीशेजारी असल्याचे त्यांना आढळले. ज्या विमानांत त्या तशा नव्हत्या तेथील वैमानिक ही चूक करीत नव्हते. चपानिस यांनी एका खटकीवर रबराचे लहानसे चाक व दुसरीवर पाचरीच्या आकाराचा तुकडा बसवण्याची सूचना केली. त्यानंतर हाताला स्पर्शानेच भेद कळू लागला, आणि ती चूक जवळजवळ नाहीशी झाली.

कारखान्यातही चौकशी करणाऱ्याने जखमी कामगाराला ‘तू असे का केलेस?’ असे विचारले की, त्याची जबानी तेथेच बचावाचे भाषण होऊन बसते. त्यापेक्षा ‘रोज हे काम कसे करता, ते मला हातांनी करून दाखवा’ असे त्याच्या सोबत्यांना, मशीनशेजारी उभे राहून, म्हटले तर चार पिढ्यांचे शहाणपण बाहेर येते. त्यासाठी मात्र दोन अटी अवश्य पाळाव्या लागतात. पहिली अशी की, प्रेस पुन्हा चालू होण्यापूर्वी जागा जशीच्या तशी राखली जावी, तिची छायाचित्रे घेतली जावीत. दुसरी अट कठीण आहे : शिकण्यासाठी घेतलेली जबानी बडतर्फीच्या कागदात वापरली जाणार नाही, अशी हमी व्यवस्थापनाने द्यावी व ती पाळावी. यावर असा आक्षेप येतो की, मग हेतुपुरस्सर केलेल्या गुन्ह्यालाही माफी मिळेल. तसे मुळीच नाही. शिक्षेसाठीचा तपास कायद्याच्या वाटेने जावा. कारणांचा तपास वेगळ्या माणसांच्या हाती असावा, एवढेच मागणे आहे.

तपास कोणाच्या हाती असावा, हा प्रश्न आपल्या देशातच एका खात्याने फार पूर्वी सोडवला होता. रेल्वेच्या सुरक्षेची तपासणी करणारे निरीक्षक १९४१ मध्ये रेल्वे बोर्डाच्या अमलातून काढून वेगळ्या खात्याकडे देण्यात आले, आणि आजही रेल्वे सुरक्षा आयुक्तांचा विभाग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. उत्तर समुद्रातील ‘पायपर अल्फा’ या तेलमंचावर ६ जुलै १९८८ रोजी १६७ माणसे मृत्युमुखी पडल्यावर ब्रिटनलाही तोच धडा गिरवावा लागला. दिवसपाळीने दुरुस्तीसाठी एका पंपाची सुरक्षाझडप काढून ठेवली होती. ही गोष्ट रात्रपाळीला कळली नाही, आणि तिने तो पंप चालू केला. पंप सुरू करणाऱ्यांच्या माथी दोष मारणे सोपे होते. लॉर्ड कलन यांची चौकशी त्याऐवजी कामाच्या परवान्यांच्या पद्धतीत शिरली, आणि ती पद्धत नित्य धाब्यावर बसवली जात होती, असे तिने दाखवून दिले; शिवाय आदल्या वर्षी त्याच मंचावर झालेल्या एका कामगाराच्या मृत्यूने हाच दोष उघडकीस आणूनही त्यापासून कोणी बोध घेतला नव्हता. कलन यांनी १०६ शिफारशी केल्या. त्यांना अनुसरून, ज्या खात्यावर तेलाचे उत्पादन वाढवण्याची जबाबदारी होती त्याच्याकडून सुरक्षेची देखरेख काढून घेण्यात आली.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमात १९७६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने प्राणघातक अपघाताची चौकशी महिन्याच्या आत व्हावी, असे बंधन घातले. त्याच दुरुस्तीने कलम ८८-अ जोडले गेले, त्यानुसार कोणाला इजा झाली नसली तरी विशिष्ट धोकादायक घटनांची वर्दी देणे आवश्यक ठरले. कलम ९० अन्वये राज्य सरकारला स्वतंत्र चौकशी नेमता येत होती. तिचा अहवाल प्रसिद्ध करणे मात्र सरकारला योग्य वाटेल तर, अशा मर्जीवर सोडलेले होते. आता हा कायदा इतर कायद्यांसह २०२० च्या कामगार-सुरक्षेच्या संहितेत गुंफला गेला आहे, आणि नव्या नियमांच्या निमित्ताने ही मर्जी संपवण्याचा आग्रह कामगार संघटनांनी, अभियंत्यांनी व वर्तमानपत्रांनीही धरला पाहिजे. पुण्याजवळच्या चाकणच्या एखाद्या प्रेसवर गेलेल्या बोटांचा वृत्तान्त नाशिकच्या अंबडला आणि कोल्हापूरच्या शिरोलीला वाचावयास मिळाला, तर त्याचा उपयोग आहे. त्यात मालकाचे नाव नसले तरी चालेल, जखमी माणसाचे नाव तर नसावेच. मशीन कोणते, गार्ड कोणते व ते का काढले होते, पाळीचा तास कोणता, आणि त्यानंतर नेमके काय बदलले, एवढे चार परिच्छेद मराठीत व हिंदीत छापून, तसाच प्रेस असलेल्या प्रत्येक कारखान्याच्या हजेरीच्या जागी लावण्यास सरकारी छापखान्याला आठ दिवसही लागू नयेत.